गुरुवार, सात ते आठ

रात्रीचे दोन वाजून दहा. कायानी.
बाहेर उणे सत्तावीस,
नदीवरून वाफ निघते आहे,
खाली कुणी चूल पेटवून विसरून गेल्यासारखी.

ही शेड आधी कागदाची गिरणी होती.
माझे वडील इथेच, तिसऱ्या यंत्रापाशी,
लगद्याचा कागद व्हायची वाट बघत बत्तीस वर्षं उभे होते.
आता त्याच फरशीवर डिस्कांची कपाटं गुणगुणतात
आणि मी एका काळ्या चौकटीसमोर बसलेली.

चौकट म्हणते : अठ्ठ्याण्णव टक्के.
जागा संपत आली.

मी यादी मागवते. चारशे बारा स्नॅपशॉट.
नावांतच ठेवणाऱ्यांची घाई :
‘बदलाआधी’, ‘बदलाआधी-खरंच’,
‘शेवटचा’, ‘शेवटचा-दोन’,
‘सोमवारी-काढणे’.
कुठला सोमवार, ते कुणी लिहिलेलं नाही.

परवा नव्या मुलाला, वैनोला, सांगत होते :
स्नॅपशॉट म्हणजे नक्कल नव्हे रे.
घेतला त्या क्षणी त्याचं वजन जवळपास शून्य.
तो नुसतं बोट ठेवतो : हे असं होतं.
मग वरचं जग बदलायला लागतं
आणि जे जे बदलेल त्याचं जुनं रूप
तो निमूट सांभाळून ठेवतो.
न बदललेल्याचा त्याला भार नाही.
वैनो म्हणाला, म्हणजे माझ्या आईसारखं.
मी म्हटलं, तू कमांड नीट लिही.

काढायला एक ओळ पुरते.
व्हॉल्यूमचं नाव, मधे ते चिन्ह
ज्याला आम्ही मांजराची शेपटी म्हणतो,
मग स्नॅपशॉटचं नाव. एंटर.
‘नक्की ना?’ असं कुणी विचारत नाही.
म्हणून मी आधी कोरडी फेरी घेते :
काढलं तर काय काय जाईल तेवढं सांग, काढू नकोस.
आरीला त्या रात्री फोन करण्याआधी
अशी एक फेरी घ्यायला हवी होती.

एकशे सत्तर गेले. बरेचसे माझेच.
मग एकापाशी अडले.
‘एसा-तात्पुरता’. नऊ वर्षांपूर्वीचा, फेब्रुवारीतला.
उत्तर आलं : काढता येणार नाही.
याच्यावर कुणीतरी अवलंबून आहे.

कोण, ते शोधलं.
एक क्लोन, कोपऱ्यात, कधी न उघडलेला.
आत एकच फाइल :
पुलाजवळच्या सोसायटीच्या सॉनाच्या पाळ्या.

गुरुवार, सात ते आठ : एसा आणि हेल्वी.

चालू यादीत त्या वेळेला पेसोनेन मंडळी आहेत.
एसा रविवारी, नऊनंतर. एकटा.

हेल्वी मेलीबिली नाही.
औलूला असते, दातांच्या दवाखान्यात.
उन्हाळ्यात बाजारात भेटली तेव्हा म्हणाली,
स्ट्रॉबेरी काय महागल्यात.

दोन्ही फाइलींतला फरक मागितला.
दोन ओळी वजा, दोन ओळी अधिक.

जोर लावायचा एक पर्याय असतो,
तो दिला तर आश्रितासकट सगळं जातं.
मी तो टाइप केला.
पुसला.
कर्सर लुकलुकत होता, त्याचं काय जातं.

सहाला एसा आला, बुटांचा बर्फ आपटत.
मी विचारलं, ‘एसा-तात्पुरता’ काढू?
त्याने चष्मा पुसला. वाफ धरली होती त्यावर.
“जागा किती खातोय?”
“काहीच नाही. एखादा ब्लॉक.”
“मग असू दे,” म्हणाला. “लागेल कधी.”
आणि लगेच, “पंखा नंबर चार अजून कुरकुरतोय का?”

मी कोट चढवला.
मागे कळा वाजत होत्या, त्याच्या दोन बोटांच्या,
थांबत, चुकत, परत.

रात्री कामावर आले. यादी मागवली.
दोनशे बेचाळीस, सगळे जागच्या जागी.
फक्त एकाचं नाव बदललेलं.
नुसतं ‘एसा’.
पुढचा शब्द त्याने काढून टाकला होता.

जागा : एक्क्याऐंशी टक्के.
पंखा कुरकुरतोच आहे.